बळवंतरावांचं पान

२५ ऑगस्ट, सोमवार

पोचलो एकदाचा बडोद्याला! दोन बॅगा, एक थर्मास आणि गोळ्यांचा डबा, एवढाच माझा संसार. ताईने खोली झकास बघून ठेवलीय. तरसालीतलं जुनं टेनामेंट, वर मी, खाली घरमालकीण जिजाबाई. अख्खी सोसायटी त्यांना काकीसाहेब म्हणते. घराणं संस्थानच्या फौजेतलं, त्यामुळे पंचाहत्तरीतही डोक्यावरचा पदर ढळत नाही. मराठीत गुजराती कालवून बोलतात. पाया पडलो तर म्हणाल्या, जमवानी चिंता नको, दुपारचं जेवण आपल्याकडेच.

यशश्रीताई दोन सोसायट्या सोडून राहते. पाच वर्षांनी मोठी. आई गेल्यापासून माझी आई तीच. तिच्याजवळ राहता यावं म्हणून तर वाघोडियाच्या कारखान्यातली नोकरी धरली. पाळी दुसरी, बस अडीचला. म्हणजे दुपारी निवांत जेवता येईल. माझ्यासारख्याला आणखी काय हवं?

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल मोदकाने दगा दिला. दुसराच मोदक, छातीच्या मधोमध अडकला तो अडकला. मग ते सुरू झालं. कोणीतरी आतून ओला टॉवेल पिळावा तसं. घाम, जबड्यापर्यंत कळ, पाठीत सणक. काकीसाहेब घाबरल्या नाहीत. थर्मासमधलं गरम पाणी कपात ओतून हातात दिलं आणि पाठीवरून हात फिरवत बसल्या. वीस मिनिटांनी सुटलं.

नऊ वर्षं झाली याला. अन्ननलिकेला पेटके येतात, बाकी काही नाही. हृदयविकार समजून सात वेळा दवाखान्यात नेलंय, सातही वेळा ईसीजीची पट्टी स्वच्छ. नाकातून नळी घालून तपासणी झाली, गोळ्या झाल्या, काढे झाले, कोणीतरी सांगितलं म्हणून केळीच्या खुंटाचा रसही झाला. आमचे भाऊबंद म्हणतात, नाटकी आहे पोरगा. खोटं नाही असं म्हणणारी जगात एकटी ताई.

काकीसाहेबांनी मग सांगितलं. त्यांचे यजमान बळवंतराव आठ वर्षांपूर्वी असेच गेले. नळी बंद झाली होती. शेवटचे चाळीस दिवस पान समोर यायचं आणि ते नुसते बघत बसायचे. जेवणाचे भारी शौकीन होते म्हणे. ऐकून माझेच डोळे भरून आले.

१० सप्टेंबर, बुधवार

आज बळवंतरावांची तिथी. काकीसाहेबांनी विचारलं, पितर म्हणून बसशील का? आमच्याकडेही अशीच पद्धत आहे, गेलेल्या माणसाच्या जागी कोणालातरी जेवायला बसवायचं. मी आढेवेढे घेतले. घास अडकला तर तुमच्या कार्यात विघ्न नको, म्हटलं. पण ताई मुद्दाम सुट्टी टाकून आली होती, तिने गळ घातली.

मागीलदारी ताई काकीसाहेबांच्या ओंजळीत तांब्याने पाणी घालत होती. हात धूत असतील.

आणि काय सांगू! खीर, वडे, कढी, अळूवडी, गवारीची भाजी. सगळं उतरलं. लोण्यासारखं. नऊ वर्षांत असं जेवलो नव्हतो. सहा वडे खाल्ले! ताई समोर बसून ढसाढसा रडली, मीही रडलो. या वास्तूचा गुण म्हणायचा.

१३ सप्टेंबर, शनिवार

रोज पान वाढतात, रोज उतरतं. एक पेटका नाही. गोळ्या बंद केल्या. काल पापड कडकडून खाल्ला! कारखान्यातल्या अमोघने गरब्याच्या पासाचं विचारलं, मी चक्क हो म्हटलं.

एकच गंमत. इतकं जेवून बसमध्ये चढतो आणि तरसालीचा नाका ओलांडेपर्यंत पोटात कावळे ओरडतात. आणि मला गोड फारसं आवडत नाही, तरी आज तीन वाट्या खीर मागून घेतली. मागताना बोटाने वाटी टिचकावली. अशी सवय मला कधीच नव्हती. काकीसाहेब खुदकन हसल्या.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कारखान्यात वजन केलं. रुजू होताना एकसष्ट. आज चोपन्न. डॉक्टर विचारतात, जेवता का नीट? काय सांगू? दोन माणसांचं जेवतो हो.

अमोघने सेव-उसळ आणली. पहिलाच घास अडकला. मग पाणीसुद्धा जाईना. कँटीनच्या फरशीवर गुरासारखा लोळलो. म्हणजे गेलेलं नाही ते. त्या पानापुरतं गेलंय.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सोसायटीच्या बाकड्यावर जयवंतराव भेटले. म्हातारे गृहस्थ, पितृपक्षभर घरोघर पितर म्हणून बसतात. सहज बोलता बोलता त्यांनी विचारलं, विडा दिला ना? मी म्हटलं, कसला विडा?

त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, पितर जेवला की विडा द्यायचा आणि उंबऱ्याबाहेर काढायचं. तो बाहेर पडला की गेलेला माणूसही जातो. म्हणून त्याच छपराखाली राहणाऱ्याला कोणी बसवत नाही. चुकून नाही, गंमत म्हणूनही नाही. आणि गेलेल्याला ठेवूनच घ्यायचं असेल, तर बसणाऱ्याच्या रक्ताच्या माणसाने पाणी सोडावं लागतं. दिला म्हणून. गेल्या वर्षी काकीसाहेबांनी जयवंतरावांचा पुतण्या मागितला होता. यांनी दारातूनच हाकलून दिलं.

अमावास्येच्या आत नीघ, म्हणाले. नंतर नाही निघता येणार.

मागीलदारी ताई पाणी घालत होती. हात धूत नव्हत्या त्या.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ताईकडे गेलो. वाटलं, नाही म्हणेल. माझ्या कानाखाली वाजवेल, वेडा झालास का म्हणेल.

ती गॅसपाशी उभी राहिली, पाठ करून. म्हणाली, काकीसाहेबांनी सांगितलं होतं तुला जेवता येईल. मी विचारलं, आणि बाकीचं सांगितलं नव्हतं? तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, सांगितलं होतं. म्हणाली, नऊ वर्षं फोन वाजला की माझे हातपाय गार पडतात, आशय. थकले रे मी. तुझ्या दुखण्याला कंटाळले.

कंटाळलीस तर सांगायचं होतंस! मी गेलो असतो कुठेतरी. बाकीच्यांनी नाटकी म्हटलं, मी हसून सोडलं. खोटं नाही असं तू म्हणायचीस, त्या एका वाक्यावर मी जगत होतो गं. आणि तूच ओंजळभर पाण्यावर मला देऊन टाकलंस? भंगारवाल्याला जुनं घमेलं द्यावं तसं?

चहा करू का, म्हणाली.

२० सप्टेंबर, शनिवार

दुपारी पानावर बसलो नाही. वर कोंडून घेतलं. पाणी जात नाही. थुंकी जात नाही.

एक वाजता काकीसाहेब दाराबाहेर येऊन बोलत होत्या. माझ्याशी नाही. लाजून, हळू, नव्या नवरीसारखं. म्हणाल्या, तेव्हा चाळीस दिवस तुमच्यापायी मीही उपाशी राहिले, आता रुसायचं नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा खाली होतो. ताट चाटूनपुसून स्वच्छ. वजन — काटा नाही इथे, पण घड्याळ मनगटातून निसटून पडलं.

उद्या निघणार. काहीही झालं तरी.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

सकाळी बॅग घेऊन फाटकापर्यंत गेलो. पाय बाहेर टाकला तशी कळ — छातीत, जबड्यात — श्वास बंद. आत घेतला, थांबली. पाच वेळा. पाचही वेळा —

मग ताईची अ‍ॅक्टिव्हा दिसली. देवाशप्पथ, सगळा राग विसरलो. आली! न्यायला आली, माझीच ताई ती! मी हात पुढे केला, म्हटलं, ओढ मला, मी ओरडलो तरी सोडू नको.

तिने डोक्यावर पदर घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. वाकली. मोठी आहे ती माझ्याहून — वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाली, चला आत, पान वाढलंय.

शिवी द्यायला तोंड उघडलं. घाणेरडी, आईवरून नाही, तिच्यावरूनच. आणि बाहेर पडलं, जाड, संथ आवाजात — अखंड सौभाग्यवती हो, बाळ.

तिने डोळे पुसले. हसली. कित्येक वर्षांनी अशी मोकळी हसली ती.

गोळी घेतो सांगून वर आलोय. दुखत नाहीये आता. कुठेच नाही. खाली दोघी हाका मारतायत — मला नाही — हात उठतोय वहीवरून, मी उचलला नाही — ताई, अजून आहे गं मी, वर बघ, मी आश