अक्कांच्या नावावर

१२ मार्च १९९७
पुन्हा ब्रेक. म्हणजे कामावरून काढलं, पण गोड बोलून. सलग दिवस भरले की कायम करावं लागतं, म्हणून बियाणे कंपनी मधेच घरी बसवते. जाधव सुपरवायझर म्हणाले, "ताई, पुढच्या आठवड्यात या. फक्त नाव दुसरं आणा. घरात कोणी शिकलेलं न्हाई का?" बी किती उगवलं ते बघायला बाजरीचे कोंब मोजायला मी चालते, माझं नाव तेवढं चालत नाही!

१६ मार्च
भोकरदनला थोरल्या जाऊबाईंकडे, सुनंदाअक्कांकडे. दहावीचा दाखला मागितला. "घेऊन जा गं शोभा, पेटीत पडूनच हाय." वर शेवया बांधून दिल्या.

२ एप्रिल
जाधवांनी दोनदा "सुनंदा" म्हणून हाक मारली, मी आपली कोंब मोजतेय. तिसऱ्यांदा ओ दिली.

नोव्हेंबर, तारीख गेली
मधे सुनंदालाही ब्रेक मिळाला. घरात तिसरं नाव नाही, म्हणून तीच परत. हे चेष्टेनं मलाच म्हणतात, "वहिनी, च्या टाका." आधी मी हसायचे. काल कप आपटला.

९ जाने. १९९८
एक जागा कायम होणार. मोठ्या साहेबांनी काम बघून नाव वर पाठवलं. सुनंदाचं. बायका पेढे मागू लागल्या.

१० जाने.
जाधवांना म्हटलं, साहेबांना माझं खरं नाव सांगा. ते इकडं तिकडं बघून, "मी कधी म्हणलो नाव बदला? खोट्या दाखल्यापायी दोघी अडकसाल. जावेला विचारा अन् जन्मभर सुनंदाच राहा."

१८ जाने.
भोकरदन. अक्का हो म्हणतील असंच धरून गेले होते. "शोभा, मलाबी नोकरी करायची होती, कोणी करू देली न्हाई. आता माझ्या नावानं आली, तं मीच येते." सासूबाई म्हणाल्या, "बराबर हाय. घरातच राह्यली ना?" हे एस्टीची वेळ बघायला उठून गेले. मी एस्टीत रडले. अक्कांचंही खोटं नाही, तेच जास्त लागलं.

२५ जाने.
अक्का आमच्याकडे राहायला आल्या. ओल्या कागदावरचे कोंब कसे मोजायचे ते मीच शिकवते. शिकतातही पटकन. माझाच हात, माझीच...

२ फेब्रु.
आज वरून नवे साहेब आले, फोटो आणि सही घ्यायला. ते कोणालाच ओळखत नाहीत. अक्कांसोबत मीही गेले. कशाला, मलाच ठाऊक नाही. दारातून हाक आली, "सुनंदाबाई!" अक्का घाबरून पदर सावरू लागल्या. ओ माझ्या तोंडून गेली. साहेब म्हणाले, "दोघींतली सुनंदा कोण?" जाधव रजिस्टर चाळू लागले. तेवढ्यात लाईट गेली, फोटो उद्यावर गेला. "उद्या जी सुनंदा असेल तिनंच यावं."
घरी येईपर्यंत अक्का दोन पावलं पुढंच चालत होत्या. स्वयंपाकघरात शेजारी शेजारी बसलो. बाहेरून ह्यांची हाक आली, "वहिनी, पाणी द्या."
दोघीही उठलो.