डाळिंबांच्या फोटोतलं नाक

तेहरान, ४ मेहर, इराणी सन १३७६

ती. तूबा आबजीस,
सा. न. वि. वि.

कुत्ताब मिठाईचा डबा पोचला. गुलनारने एकटीने निम्मा फस्त केला. मोठ्या बहिणीकडे एक मागणं आहे. गच्चीवर डाळिंबं सोलताना तुझा आणि गुलनारचा बाजूने काढलेला फोटो आहे ना, तो पाठव. लवकर. कारण विशेष काही नाही.

तुझी सावली आमच्यावर राहो.
तुझी फरंगीस

याज्द, ११ मेहर

चि. सौ. फरंगीस हिस,
अ. उ. आ.

कारण विशेष नाही म्हणतेस, म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय. पाळण्यापासून ओळखते तुला! दोन वर्षांपूर्वी तुझ्या गुलनारच्या नाकाचं ऑपरेशन झालं आणि महिन्याभरात तू भेटीच्या निमित्ताने येऊन माझ्या अल्बममधले तिचे अकरा फोटो नेलेस. कात्रीने कापलेस. स्थळवाल्यांना जुनं नाक दिसू नये म्हणे! हा एक पिठाच्या डब्यात होता म्हणून वाचला. आता कोणतं स्थळ आलंय?

तेव्हा गुलनार सगळ्यांदेखत मला, सख्ख्या मावशीला, म्हणाली होती, तूबा खालेचं नाक घेऊन जन्मभर मिरवायचं नाही मला. मी हसले. घरी येऊन मात्र आरशासमोर बसून रडले, हे आज सांगते. फोटो मिळणार नाही. आणि फोनवर पोरगी नाक दाबून बोलल्यासारखी का बोलते? तीही तेहरानची फॅशन का?

रागावले असले तरी आशीर्वाद आहेतच.
तुझी तूबा

तेहरान, १९ मेहर

ती. तूबा खालेस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला न सांगता लिहितेय. माझं नाक बसलंय. पहिल्या डॉक्टरने आतून इतकं कोरलं की आधारच उरला नाही. मधोमध खळगा पडलाय, डावी नाकपुडी बंद आहे. तोंड उघडं ठेवून झोपते. आई सगळ्यांना सर्दी सांगते. खळगा झाकायला मी अजून पट्टी लावते, तर मैत्रिणींना वाटतं नवीन ऑपरेशन करून मिरवतेय.

नवे डॉक्टर बरगडीची कूर्चा घालून नाक उभं करणार आहेत. पण मूळचं नाक पाहिल्याशिवाय हात लावणार नाही म्हणतात. पुढच्या महिन्यात, दहा आबानची तारीख मिळालीय. बाकीचे फोटो आईने कापले, म्हणून तुला खरं सांगायची तिला लाज वाटते. मी काय बोलले होते, ते मी विसरलेले नाही. फार वाईट बोलले.

तुझीच,
गुलनार

याज्द, २५ मेहर

चि. गुलनार हिस,
अ. उ. आ.

हे पत्र आईनेच लिहायला लावलं असेल, असा मला दाट संशय आहे. असो. फोटो दोन पुठ्ठ्यांत घालून पाठवतेय. आईच्या कात्रीपासून लांब ठेव. श्वास नीट घ्यायला लागलीस की कळव.

तुझी खाले

तेहरान, २१ आबान

ती. तूबा खालेस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन झालं. बरगडी दुखते, सूज उतरायला वर्ष लागेल म्हणतात. पण काल आईने डाळिंब फोडलं आणि मला वास आला. रडूच फुटलं.

फोटोत माझ्या नाकावर नेमकी तुझ्या हाताची सावली होती. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलं, शेजारची बाई कोण, तुमचंही नाक हिच्यासारखंच होतं का? मी हो म्हणाले. मग त्यांनी फोटोतलं तुझं नाक मोजलं. आई हळूच म्हणाली, तो वरचा उंचवटा तेवढा काढता आला तर बरं, उद्या स्थळं येतील.

मी डॉक्टरांना सांगितलं, तो खालेचा आहे, त्याला हात लावू नका.

नवरोजला येते. दार उघडशील ना?
तुझी गुलनार