आपाच्या व्हिसावरची सही

शहागंज, छत्रपती संभाजीनगर
१६ नोव्हेंबर २०२५

बद्रीभाऊ,

तुम्हाला सलाम, रत्नमालाताईंना नमस्कार.

श्रेयाच्या लग्नाची पत्रिका मिळाली. तुमच्या शाळेतले राजेंद्र सर स्वतः घरी घेऊन आले. पत्रिकेत शुद्धलेखनाची एकही चूक नाही, म्हणजे ती तुमच्या नजरेखालून गेलेली दिसते. जावई पुण्यात नोकरीला आहेत असं कळलं. अल्लाह दोघांना सुखात ठेवो. दहावीच्या वर्षी श्रेया आमच्याकडं बीजगणित शिकायला यायची, तेव्हा स्वयंपाकघरात पाय पसरून बसायची आणि गणितापेक्षा माझ्या शिरखुर्म्याकडं तिचं जास्त लक्ष असायचं. मुनीर सर तिला ओरडायचे आणि वाटीही तेच पुढं करायचे.

मी बरी आहे. घर मोठं वाटतं. ऑक्सिजनचं मशीन परत दिलं, तर त्या कोपऱ्यात आता काय ठेवावं ते सुचत नाही.

लग्नाला येणं मात्र जमणार नाही. गुडघे फार दुखतात. वैजापूरपर्यंत बसनं यायचं, मंगल कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या, हे आता होत नाही.

भाऊ, हे मी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. चहा करून प्याले. गुडघ्यांचं कारण खोटं आहे. याच गुडघ्यांनी मी फेब्रुवारीत वैजापूरला जाऊन आले होते. कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तरी सगळं लिहिते. एकदा तरी कुणीतरी खरं लिहायला पाहिजे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं आता सुधारायची नाहीत. त्या दिवशी यांनी एकच गोष्ट मागितली. "आपाला बोलव." सुलताना आपा म्हणजे यांना कोण होती ते तुम्हाला नव्यानं सांगायला नको. आई गेली तेव्हा हे पाळण्यात होते. थोरल्या बहिणीनं, आपानं, शाळा सोडून यांना वाढवलं. मग चुलतभावाशी तिचं लग्न झालं, कराचीला गेली आणि तिकडचीच झाली. तुम्ही नोकरीच्या पहिल्या वर्षी देवगावात आमच्याच घरी राहत होता. तिची पत्रं आली की हे मोठ्यानं वाचायचे आणि तुम्ही ऐकत बसायचा.

आधी मी औरंगपुऱ्यातल्या एका एजंटाकडं गेले. मला वाटलं होतं, टूरिस्ट व्हिसा काढला की झालं. तो हसला. "चाची, तिकडच्या माणसाला एकट्यानं टूरिस्ट मिळत नाय. फक्त नातेवाइकाला भेटायचा मिळतो. ज्या शहराचं नाव लिहाल तेवढंच. वेरूळला न्यायचं म्हणाल तर तेही लिहावं लागंल. आल्या आल्या पोलिसांत नोंद." मग त्यानं यजमानानं द्यायच्या हमीपत्राचा नमुना दिला. त्यावर मोठ्या अधिकाऱ्याची, तहसीलदाराची नाहीतर मान्यताप्राप्त हायस्कूलच्या मुख्याध्यापकाची सही आणि शिक्का पाहिजे.

घरी येऊन सांगितलं तर यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. म्हणाले, "मग काय अडलंय? आपला बद्री मुख्याध्यापक आहे की."

मी तुमच्या शाळेत आले. तुम्ही चहा मागवला. शिक्क्याच्या कपाटाची चावी क्लार्ककडं आहे, कागद ठेवून जा म्हणालात. पुढच्या वेळी परीक्षांची गडबड होती. मग संस्थेच्या अध्यक्षांना विचारायचं होतं. मग सव्वीस जानेवारी होऊ द्या म्हणालात. मी दर वेळी देवगावची बस पकडून यायचे आणि घरी येऊन यांना सांगायचे, होतंय, बद्रीभाऊ बघताहेत.

शेवटी तुम्ही मला सायकल स्टँडपाशी नेलंत. आत शिपाई ऐकेल म्हणून.

"भाभी, गैरसमज करून घेऊ नका. पाकिस्तानचं नाव आहे त्यात. माझी तीन वर्षं राहिलीत नोकरीची. श्रेयाचं जमत आलंय. उद्या चौकशीला पोलीस दारात आले तर सोयरे काय म्हणतील?"

मी म्हणाले, "भाऊ, सुलताना आपा कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे हो. सरकारला कुठं माहीत आहे?"

आणि तुम्ही कागद माझ्या पिशवीत ठेवलात. हळूच, नीट घडी करून.

तुम्हाला भीती वाटली, याचा मला राग आला नाही. आजकाल कुणाला वाटत नाही? आम्हाला तर रोज वाटते. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी दुसरं दार ठोठावलं असतं.

घरी आले तर हे उशाला टेकून वाट बघत होते. "केली सही?" मी म्हणाले, "केली." दुसरं काय सांगणार होते? दम लागलेल्या माणसाला असं कसं सांगायचं?

मग राजेंद्र सरांनी मला वैजापूरला त्यांच्या ओळखीच्या मंजुषा मॅडमांकडं नेलं. त्याही मुख्याध्यापक. त्यांनी मला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. कागद पूर्ण वाचला आणि विचारलं, "या बाई जन्मल्या कुठं?"

"देवगाव रंगारीला."

"मग त्यांना इथं यायला माझी सही कशाला लागावी?" असं म्हणत त्यांनी सही केली, शिक्का मारला. मीच घाबरून विचारलं, "मॅडम, तुम्हाला कुणी विचारलं तर?" त्या म्हणाल्या, "सांगेन, भाऊ आजारी होता म्हणून केली."

एप्रिलच्या मध्याला आपाला व्हिसा मिळाला. ती फोनवर लहान मुलीसारखी ओरडली. मेच्या पहिल्या आठवड्यात अटारीवरून यायचं ठरलं. यांनी न्हाव्याला घरी बोलावून दाढी नीट करून घेतली. आणि मग पहलगामला ती निरपराध माणसं मारली गेली. आम्ही दोघं टीव्हीपुढं बसून रडलो. त्या बायकांकडं बघवत नव्हतं. दोन दिवसांत बातमी आली, तिकडच्या लोकांना दिलेले सगळे व्हिसा रद्द. हे टीव्ही बंद कर म्हणाले.

नोव्हेंबरात सही झाली असती तर आपा थंडीतच येऊन गेली असती. हा हिशेब मी यांच्यापुढं कधी मांडला नाही. तुमच्यापुढं मांडते.

पण हे पत्र त्यासाठीही नाही.

फेब्रुवारीत कागद रवाना झाला त्या संध्याकाळी यांनी तुम्हाला फोन केला होता. आवाज निघत नव्हता म्हणून मीच स्पीकर लावून फोन धरला होता. हे म्हणाले, "बद्री, तुझे उपकार फिटायचे नाहीत रे. माझी आपा येणार तुझ्यामुळं." वाटलं, आता तुम्ही म्हणाल, सर, मी नाही केली सही. माझं खोटं उघडं पडलं असतं, पडू दे म्हटलं. तुम्ही म्हणालात, "सर, त्यात काय एवढं. दोस्ती कशासाठी असते?"

आजारी माणसाचं मन राखलंत, अशी मी स्वतःची समजूत घातली. जूनमध्ये हे गेले. कब्रस्तानच्या फाटकापाशी तुम्ही हमसून हमसून रडलात, लोक तुम्हालाच धीर देत होते. त्या रडण्यावरही मी विश्वास ठेवला. अजूनही ठेवते.

मग शाळेत शोकसभा झाली. हे गेल्यावर इद्दतचे चार महिने दहा दिवस मी घरातच होते, म्हणून राजेंद्र सरांनी भाषणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवली. तुमचं भाषण सगळ्यांत मोठं होतं. "सरांच्या बहिणीसाठी मी नोकरीची पर्वा न करता सही केली. पण दोन देशांच्या भांडणात माझी सही वाया गेली." टाळ्या पडल्या, भाऊ. शोकसभेत टाळ्या.

तेव्हा तर मन राखायला हे उरले नव्हते.

मी कुणाला सांगितलेलं नाही. राजेंद्र सरांना ठाऊक आहे, पण तेही गप्प आहेत, श्रेयाचं लग्न आहे म्हणून. लग्न थाटात करा. श्रेयाला आणि जावयांना नंतर माझ्याकडं जेवायला पाठवा. दोघांनाच पाठवा.

आता एकच राहिलं. कालच आपाशी बोलणं झालं. भावाचं तोंड बघायला मिळालं नाही, पण ज्यानं आपल्यासाठी सही केली त्या माणसाचे आभार तरी मानू दे, असं ती पुन्हा पुन्हा म्हणते. यांनी तिला तुमचंच नाव सांगितलं होतं. इतके दिवस मी टाळलं. लग्न पार पडलं की तुमचा नंबर तिला देणार आहे.

फोन कराचीहून येईल. उचलायचा की नाही ते तुम्ही ठरवा. उचललात तर ती रडत रडत शुक्रिया म्हणेल. तिला काय उत्तर द्यायचं, तेही आता तुम्हीच ठरवायचं आहे. या वेळी फोन धरायला मी नसेन.

तुम्ही जिला भाभी म्हणायचा ती,
शमीम मुनीर शेख