फिरणारी सीट

४ फेब्रुवारी, बुधवार

मुलाच्या ऑफिसातून डायरी आली. त्याला नको, सुनेला नको, म्हणून माझ्याकडे. पुठ्ठा झकास आहे. माझी शाळा चौथीत सुटली, पण माझं अक्षर अजून वाचता येतं, निदान मला तरी.

आज लिहायला कारणही आहे. जेवताना मुलगा म्हणाला, रविवारी नव्या गाड्यांच्या प्रदर्शनाला जाऊ, आईलाही घेऊ. सून लगेच म्हणाली, हो हो, आईंना घेऊच. पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर यावर दोघांचं जमत नाही, पण माझ्यावर जमलं. गाडी घ्यायची तर घरातल्या मोठ्या माणसाचं मत लागतं, तेवढी समज आहे पोरांना.

जुनी गाडी यांनी घेतलेली. ड्रायव्हरच्या शेजारची सीट माझी. इतकी खाली की टेकलं की बसलंच. हे गेल्यापासून ती अंगणात उभीच आहे. मुलगा म्हणतो, ऑफिसच्या लोकांत ती घेऊन जायची लाज वाटते. मी म्हटलं, काढ मग नवी.

मुख्य गोष्ट लिहायची राहिली. धाकट्या बहिणीला तिचा मुलगा महिनाअखेर विमानाने आपल्याकडे घेऊन जाणार, कायमची. माहेरचं घर बंद. तिला आता दिसत नाही फारसं, मला बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यामुळे हे गेल्यापासून आमची भेट फोनवरच. मुलाने शब्द दिलाय, नवी गाडी आली की मावशीकडे नेतो. सकाळी निघालं की दुपारी जेवायला पोचतं.

निश्चय: उद्यापासून स्वयंपाकघराची पायरी रोज चढायची-उतरायची. गुडघे तयार हवेत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काल हवा दमट होती, म्हणून पायरी राहिली. आज पाहुणे येतील असं वाटत होतं. आले नाहीत, पण तयारीत राहावं लागतं.

८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी

प्रदर्शन पाहिलं. डोळे दिपले, पाय सुजले, मन भरलं.

दाराशी ही मोठी रांग. मुलाने कुठून तरी चाकाची खुर्ची आणली आणि म्हणाला, आई, बस. मी म्हटलं, अरे, मला चालता येतं. तो म्हणाला, बस गं, बोलू नकोस. किती काळजी. खुर्ची ढकलली आणि आम्ही बाजूच्या दारातून सगळ्यांच्या आधी आत. आत गेल्यावर खुर्ची लगेच परत केली, बहुतेक दुसऱ्या कोणाला लागत असेल.

आत लग्नघरासारखे दिवे, आणि ढोल बडवल्यासारखं गाणं. एक गाडी ताटात ठेवून गोल गोल फिरवत होते. तिचे पुढचे दिवे असे बारीक, तिरके, मी चहात साखर जास्त घातली की सून बघते तसे. सगळ्या गाड्या हल्ली रागावलेल्याच दिसतात. आमची जुनी कशी, गोल डोळ्यांची, पाहुण्यांना या म्हणणारी.

एका गाडीचं पुढचं झाकण उघडलं तर आत काहीच नाही, रिकामी पेटी. म्हटलं, इंजिन चोरीला गेलं की काय. तिथला पोरगा म्हणाला, आजी, ही विजेवर चालते, आवाजसुद्धा येत नाही. आवाज नाही तर ती आली हे माणसाला कळायचं कसं? यांची गाडी नाक्यावर वळली की मी गॅसवर चहा ठेवायची.

आत बटणं म्हणून नाहीतच. टीव्हीएवढी काच, तिच्यावर बोट फिरवायचं. बाटल्या ठेवायला खाचाच खाचा, आणि जेवणाचा डबा ठेवायला एक धड जागा नाही. गाडीत बसून या लोकांना फक्त तहान लागते वाटतं.

मुलगा आणि सून एका उंच काळ्या गाडीपाशी खिळले. मलाही चढून बघायचं होतं. एक पाय वर गेला, दुसरा म्हणाला मी नाही. तसाच लोंबकळत राहिला. सून म्हणाली, आई, कशाला, दुखेल ना. मुलगा इकडेतिकडे बघत होता, कोणी ओळखीचं आहे का म्हणून. विकणारा टायवाला म्हणाला, साहेब, बाजूला पायरी लावून मिळते. मुलगा म्हणाला, बघू. म्हणजे पायरीचा विचार चाललाय.

मग त्यांनी मला एका कोपऱ्यात पिशव्या सांभाळायला बसवलं. विश्वासाचं माणूस लागतं ना. आणि तिथेच मला माझी गाडी दिसली.

पांढरी, लहान, गोल डोळ्यांची. आणि तिची सीट फिरते. दार उघडलं की सीट आपणहून बाहेर येते, खाली उतरते, आपल्यासमोर उभी राहते. जावयासारखी म्हणणार होते, पण मला जावई नाही, आणि असता तर असा वागला नसता. दुसरा एक टायवाला म्हणाला, या आजी, बसा. मी बसले. सीट उचलली, वळली, आणि मी आत. गुडघ्याला पत्तासुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर मोठ्या पडद्यावर माझं तोंड, दारापेक्षा मोठं. केस नीट होते.

मुलगा धावत आला. त्याने विचारलं, ही केवढ्याला? टायवाला म्हणाला, ही विकायची नाही सर, नुसता नमुना आहे, लोकांना दाखवायला. मुलाच्या चेहऱ्यावर काय आनंद पसरला. हसून म्हणाला, चल आई, विकायची नाहीये.

मला अर्थ बरोबर कळला. येईल त्याला देत नसतील. ओळख लागत असेल. आणि माझा तर पडद्यावर फोटोच आला.

९ फेब्रुवारी, सोमवार

धाकटीला फोन करून सगळं सांगितलं. सीट बाहेर येते म्हटल्यावर म्हणाली, ताई, काहीतरी फेकू नकोस. मी म्हटलं, टाळ्या वाजवल्या लोकांनी. ती म्हणाली, मग मी दारात खुर्ची टाकून बसते, तू त्या सीटवरून थेट माझ्या खुर्चीत ये, जमिनीला पाय लावायचं कामच नाही. खूप हसलो. हसता हसता ती म्हणाली, पण ये हं ताई, मी गेले की परत कुठली येतेय. मी म्हटलं, गाडी ठरल्यातच जमा आहे.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनाही सांगितलं. शाळेत शिकवायच्या त्या, त्यामुळे सगळ्यात खोट काढतात. म्हणाल्या, चाकाच्या खुर्चीतलं माणूस बरोबर असलं की तिथे रांग लागत नाही, पेपरात आलं होतं, म्हणून नेलं तुम्हाला. जळतात. त्यांना कोणी कुठे नेत नाही.

निश्चय: गाडीविषयी कोणाशी बोलायचं नाही. दृष्ट लागते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दूधवाला, इस्त्रीवाला आणि औषधाच्या दुकानातला मुलगा यांना गाडीचं सांगितलं. ते घरचेच.

यांच्या जुन्या कोटाची उशी शिवली, सीटवर ठेवायला. आत कापूस दाबून भरला. कोटाचा खिसा वरच्या बाजूला घेतला, रुमाल आणि गोळ्या ठेवायला. नव्या गाड्यांत ही सोय नाही, मी बघितलंय.

पायरी आज चढले. उतरताना सुनेला हाक मारावी लागली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सून टेप घेऊन काहीतरी मोजत होती, आणि कागदावर रुंदी लिहीत होती. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, मागच्या सीटवर कसं बसेल ते बघतेय. मी मुद्दाम सावरून बसले, म्हणजे माप कमी येईल. मला टेप लावली नाही. नजरेनेच अंदाज घेतला असेल.

दुपारी माणसं येऊन जुनी गाडी घेऊन गेली, नवीच्या बदल्यात देतात तशी. मी जरा आत बसले होते, काचा पुसायला. एक माणूस म्हणाला, आजी, उतरता का, आम्हाला निघायचंय. उतरले. रडले वगैरे नाही. काचेला लावायचं ते औषध डोळ्यांत गेलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी आली. काळी. उंच. रागावलेली.

पांढरी नाही म्हटल्यावर पहिल्यांदा मागून दुसरी येतेय का ते बघितलं. पण विचार केला, नमुन्याची गाडी कशी मिळणार, शहाणपण नको का. आणि बाजूला पायरी लावून घेतोच आहे मुलगा.

पायरीचं विचारलं. तो म्हणाला, आई, पायरीने गाडीचा लुक जातो. बरोबर आहे. एवढी मोठी गाडी, लुक नको जायला.

कुत्र्याविषयी इथे लिहिलं नव्हतं, कारण लिहिण्यासारखं काही नाही. सुनेने आणलाय. मी त्याला लाटसाहेब म्हणते. माझ्या आधी जेवतो. आज तो एका उडीत गाडीत चढला. सून म्हणाली, बघा आई, कसा मस्त बसला, माप अगदी बरोबर निघालं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच ठेवणीतले कपडे घालून, पिशवी आणि उशी घेऊन फाटकाशी बसले. मुलगा म्हणाला, आई, पहिली चक्कर आम्ही मारून येतो, लाटसाहेबाला सवय करायचीय, त्याला गाडी लागते. मी म्हटलं, जा. मुक्या जिवाचं आधी बघावं. सून म्हणाली, आई, ती उशी देता का? त्याच्या नखांनी सीटला ओरखडे पडतील. दिली. उशी गेली म्हणजे माझी जागा धरली गेली, हा माझा हिशेब.

दिवस मावळता आले. उशीवर केसच केस. खिशात अर्धं बिस्कीट.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटीचं ठरलं. शनिवारी दुपारी तिचा मुलगा टॅक्सी घेऊन येणार आणि तिथून सरळ विमानतळ. म्हणाली, ताई, शनिवारी पहाटे निघालीस तरी चालेल, घटकाभर बसू.

निश्चय: आज मुलाशी स्पष्ट बोलायचं.

तो दमून आला होता. उद्या.

२५ फेब्रुवारी, बुधवार

बोलले. चांगली स्पष्ट बोलले. म्हटलं, शनिवारी मावशीकडे जायचं ना रे? त्याने फोनमधून मान वर केली आणि म्हणाला, अगं, या शनिवारी ऑफिसचे सगळे आपापल्या गाड्या घेऊन डोंगरावर चाललेत, नवी गाडी न्यायलाच हवी. पुढच्या महिन्यात नक्की, आई, प्रॉमिस. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात ती नसते रे तिथे. तो म्हणाला, कोण? मग म्हणाला, अच्छा, मावशी. मग व्हिडिओवर बोलणं करून देईन, समोर बसल्यासारखंच असतं.

कामं किती असतात त्याला. विसरतो माणूस.

तरी शुक्रवारपर्यंत त्याचं मन बदलेल. माझा मुलगा आहे, मी ओळखते. पायरी आज दोनदा चढले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पहाटेच गेले सगळे. लाटसाहेब मागे, खिडकीकडे, यांच्या कोटावर. मला बघून भुंकला. टाटा केला असेल.

धाकटीचा फोन आला. म्हणाली, ताई, कुठवर आलीस गं? मी केव्हापासून दारात बसलेय, तुझी खुर्ची शेजारी मांडलीय, सामान सगळं बाहेर काढून झालं.

माझ्या तोंडून निघालं, निघालोय, रस्त्यातच आहोत. आणि स्पीकर लावून फोन खिडकीबाहेर धरला, रस्त्याचा आवाज जावा म्हणून. नेमकी तेव्हा एक गाडी जाईना. ती म्हणाली, अगं, काहीच ऐकू येत नाही. मी म्हटलं, नवी गाडी आहे ना, हिचा आवाजच होत नाही.

अगं बाई, म्हणाली ती. सीट फिरते का गं? म्हटलं, फिरते. मऊ आहे? म्हटलं, यांच्या कोटाची उशी आहे, मऊच असणार.

मग तिच्याकडे टॅक्सीचा भोंगा वाजला. तिचा मुलगा घाई करत होता, ते ऐकू येत होतं. ती म्हणाली, ताई, हा थांबत नाही गं आता, तू उगाच इथवर येऊ नकोस, दाराला कुलूप दिसेल. गाडी वळवून घे.

मी म्हटलं, बरं, वळवते.

ती म्हणाली, सावकाश जा.

हात आत घेतला आणि खिडकी लावली.