अर्धा गठ्ठा

४ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. हे गेल्यापासून घरात आवाज कमी झालाय, इतकंच. त्यांच्या चपला अजून दाराशी आहेत. केर काढताना उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते.

हे ज्या शर्टांच्या कारखान्यात कापड बेतायचे, तिथल्या मुकादमांनी मला घरी बटणं लावायचं काम दिलंय. सुरुवातीला भिंगरी संध्याकाळी हाताशी बसायची. दहा वर्षांची पोर, पण बोटं भराभर चालतात. काम लवकर व्हायला लागलं तसा मुकादमांनी गठ्ठा वाढवला, आणि आता तो तिच्याशिवाय उरकत नाही. म्हणून तिला शाळेत न पाठवता घरी ठेवलंय. ताप आहे असं बाईंना कळवलंय. तुमच्यापासून लपवणं जमेना. रागवा, पण जरा सावकाश रागवा.

भिंगरी विचारते, आत्याच्या पत्रातल्या ओळी वर वर का चढतात, तिच्याकडे जिना आहे का?

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
धाकटी

१० जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.

सावकाश रागवायला सांगतेस! राग काय चुलीवर ठेवलेलं दूध आहे, आच कमी करायला?

माझा भाऊ लहानपणीच शिंप्याकडे कामाला लागला. मोठेपणीसुद्धा सही करायची वेळ आली की आधी आजूबाजूला बघायचा, कोणी पाहत नाही ना. लग्नात सही करताना तुला वाटलं असेल, नवरा लाजतोय. तो लाजत नव्हता गं, अक्षरं आठवत होता. पोरीचं नाव शाळेत घातलं त्या दिवशी त्याने मला मुद्दाम पत्र लिहिलं होतं. चार ओळींचं, पण स्वतःच्या हाताने.

दवाखान्यातल्या नर्सला पगार मिळतो आणि एकट्या बाईला लागतं किती? पण पैसे पाठवते म्हटलं की तुझं आपलं, सध्या भागतंय. कसं भागतंय ते आता कळलं. एक तर मनिऑर्डर निमूट घे, नाही तर भिंगरीला माझ्याकडे पाठव. तिसरी वाट मी ठेवलेली नाही.

तिला सांग, जिना नाही. आत्याचा चष्मा वाकडा झालाय.

जेवत जा. दोघींना जवळ घेते.

तुझी,
वन्सं

२३ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी शाळेतल्या बाई आजारी मुलीला बघायला आल्या, सोबत वर्गातल्या मैत्रिणी. दारात आवाज ऐकला आणि मी भिंगरीला अंथरुणात ढकललं, शर्टांवर चादर ओढली. बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. मग नाडी बघायला हात बाहेर घेतला, तर बोटात अंगुस्तान तसंच. सुई टोचू नये म्हणून घालतो ते. बाई हात पुन्हा चादरीखाली ठेवून तिला म्हणाल्या की, तुझी जागा कोणाला दिलेली नाही. त्या गेल्यावर भिंगरीने मला विचारलं की आता ताप कधी उतरवायचा. मला तिच्याकडे बघवेना.

सोमवारपासून ती शाळेत जाते. मनिऑर्डर पोचली, ठेवून घेतली. पोर मात्र पाठवत नाही. ती नसेल तर हे घर मला सोसणार नाही.

मुकादमांना गठ्ठा अर्धा करा म्हटलं. तुमची मर्जी, म्हणाले, आणि उरलेला अर्धा समोरच्या घरी टाकला. त्यांचंही आमच्यासारखंच आहे. त्यांची मुलगी भिंगरीहून लहान.

काल शाळा सुटून बराच वेळ झाला तरी भिंगरी दिसेना, म्हणून बाहेर आले. समोरच्या पायरीवर दप्तर पाठीला तसंच ठेवून ती बसली होती आणि त्या पोरीला सुई कशी धरायची ते दाखवत होती. मला बघून म्हणाली की हिच्या बोटांना सुई फार टोचते, हिला कोणी शिकवलेलंच नाही.

वन्सं, सुट्टी काढून एकदा याच. आजवर आम्हाला जसं मनात ठेवलंत, तसंच पुढेही ठेवा.

तुमची,
धाकटी