चिठ्ठी नसलेली फाईल

चि. सर्वज्ञ भाचेबुवांस मामाचे आशीर्वाद. (सवयीने दिले आहेत, पत्र संपेपर्यंत परत मागून घेईन.) तुझी तब्येत उत्तम असेलच. दुसऱ्याच्या संगणकातली विंडोज काढून लिनक्स घालून स्वतः दूर निघून जाणाऱ्याच्या तब्येतीला काय धाड भरणार! फोन न करता लिहितोय, कारण फोन दुकानात आहे आणि फोनशेजारी तुझी मामी बसते. तिला अजून काही कळलेलं नाही. 'दुरुस्ती चालू आहे' असं सांगून मी तिला संगणकाजवळ फिरकू दिलेलं नाही.

झालं असं, की सोमवारी संगणक म्हणाला, जागा संपली. जागा संपल्यावर काय करायचं हे शिंप्याला कुणी शिकवायला नको. आपल्या दुकानात तीस वर्षं एकच नियम आहे, तुला ठाऊक आहे. प्रत्येक कापडाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली हवी, आणि शनिवारी जे बिनचिठ्ठीचं सापडेल ते भंगारवाल्याच्या पोत्यात. (यात एकदा माझी स्वतःची विजार गेली, पण नियम तो नियम.) तरीही मी संगणकात डोळे मिटून कात्री चालवली नाही. भिंतीवर तू चिकटवलेला कागद वाचला. 'अनोळखी फाईल दिसली तर आधी ती कुठल्या पॅकेजची ते विचारा. पॅकेजची असेल तर हात लावू नका.' खाली तू लिहिलेली ओळ टाईप केली की संगणक सांगतो, ही फाईल अमक्या प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यातून आली. म्हणजे चिठ्ठीच की! मला वाटलं, पोरगा शेवटी शिंप्याच्या घरातला.

दोन दिवस शिलाई सोडून मी एकेका फायलीची चौकशी करत बसलो. नावं अशी, की वाचताना जबडा दुखावा. पण प्रत्येकीला मालक निघाला. मी कुणालाही हात लावला नाही. मग एक सापडली. 'व्हार' नावाच्या फोल्डरच्या पोटात 'लिब', त्याच्या पोटात 'एमपी२'. विचारलं, तर संगणक म्हणाला, ही कुठल्याच पॅकेजची नाही. तीनदा विचारलं, तीनदा तेच. बेवारस! पासवर्ड घातला आणि उडवली. (कचरापेटीतही गेली नाही, तू शिकवलेली ती दुसरी, पुसून टाकायची ओळ मधे कुठे थांबतच नाही.) जागा किती मोकळी झाली? अर्धा एमबी.

दुपारी मामीचा मापांचा प्रोग्रॅम उघडला तर आत काही नाही. आठशे गिऱ्हाइकांची मापं! एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिने दुसऱ्या डोळ्याने, वर्षभर बसून भरलेली. त्यातच त्या वाद्यवृंदाच्या एक्केचाळीस कोटांची. ती मंडळी दौऱ्यावर आहेत, परततील ती थेट कोट घालून मंचावर चढतील, पुन्हा मापं घ्यायला सापडायची नाहीत. मला त्यातलं फक्त ड्रमवाल्याचं पोट आठवतंय. अरे गाढवा, तो प्रोग्रॅम तू लिहिलास, ती फाईल नेऊन सिस्टिमच्या अडगळीत तू ठेवलीस, आणि 'एमपी२' हे नावही तूच दिलंस. 'मामीची मापं' लिहायला हात मोडला होता? आणि घरी शिवलेल्या वस्तूला पॅकेज नसतं, एवढं एक वाक्य त्या कागदावर लिहायला काय झालं होतं? मी न विचारता उडवली असती तर स्वतःवर चिडून गप्प बसलो असतो. विचारून उडवली, म्हणून माझा असा तिळपापड होतोय.

तुझा, सध्यापुरता,
मामा

ता. क. मामीला यातलं अक्षरही कळता कामा नये.

ता. क. २. पाकीट चिकटवायला मामीनेच घेतलं आणि आधी वाचलं. ओरडली नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. म्हणाली, "तुम्हा दोघांचा भरवसा मला नव्हताच. सगळी मापं छापून ठेवलीयेत मी. कटिंग टेबलाखाली, जुन्या अस्तरात बांधून." मी वाकून बघितलंच नाही. तो गठ्ठा मी शनिवारी पाहिला होता. त्याला चिठ्ठी नव्हती.

ता. क. ३. वर गाढव वगैरे लिहिलं आहे, ते वाचू नकोस. आशीर्वाद परत घेतलेले नाहीत. गेल्या महिन्यात प्रोग्रॅम दुरुस्त करायला तू त्या फायलीची एक प्रत तुझ्याकडे नेली होतीस ना? ती असेल तिथे, असेल त्या नावाने राहू दे, तुझी जागा संपली तरी. आणि ती घेऊन शनिवारच्या आत ये. माझ्या सदऱ्याला चिठ्ठी टाचायची की नाही, ते मामीने अजून ठरवलेलं नाही.