चावडीच्या दगडावरचा आकडा

कचेरीपुढच्या लेखनिकाने दोनदा कागद फाडला. म्हणतो, "बाई, मृत्युपत्रात भांडण लिहीत नसतात. घर कुणाला, भांडी कुणाला, एवढंच सांगा." मी म्हटलं, भांडण हीच माझी मोठी कमाई, ती कुणाला देऊ? तो हसला आणि पुढच्या माणसाचा अर्ज घेतला. म्हणून हा कागद मी माझ्या हाताने लिहीत आहे. गिरणीत बायकांच्या वर्गाला दोन हिवाळे बसले, त्यावरचं हे अक्षर आहे. चुकलं तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं, पण हसू नये. हसणारे मी पुष्कळ पाहिले.

तर लिहून ठेवते मी, गोजरबाई, नवऱ्याचे नाव बिरप्पा भीमा गडदे (सत्तावीस वर्षांत उखाण्याखेरीज हे नाव तोंडातून काढलं नव्हतं, या कागदाने काढायला लावलं), जात धनगर, उमर सेहेचाळीस, धंदा लोकर कातणे, मूळ गाव चिंचणवाडी, तालुका सांगोला, हल्ली राहणार सोलापूर. माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट नाही. पोटात गोळा धरला आहे आणि दवाखान्यातली बाई म्हणाली की आता कापूनही उपयोग नाही. हे लिहायला मला कुणी धमकावलं नाही, कुणी पढवलं नाही. उलट घरातला माणूस सकाळपासून "ऱ्हाऊ दे की" एवढंच म्हणतो आहे.

कलम पहिले. सोलापुरातली खोली व पुढची पडवी मी कातलेल्या लोकरीवर घेतली, कागद माझ्या नावचा. घरधनी हयात आहेत तोवर त्यांनी राहावे. मागून ती मुलगी कस्तुराबाई, दिली नातेपुत्यास, तिची. घरधन्यांनी दया येऊन खोली कुणाला "ऱ्हावा की" म्हणून देऊन टाकू नये. मागे चुलतदीर आठ दिवसांसाठी आला आणि दोन वर्षे राहिला, माझी चूल पडवीत गेली. ते मी विसरले नाही.

कलम दुसरे. घोंगडीचा माग, सूत कातायची चाती, लोकर पिंजायची धनुकली ही शेजारीण काशम्मा हिला. तिच्या हाताला सूत सारखं येत नाही, पण दुखण्यात माझी वेणी तीच घालते.

कलम तिसरे. माझी मेंढरं घरधन्यांना. किती ते लिहीत नाही. आमच्यात परक्याला आकडा सांगत नाहीत. मोजलं की कमी होतं. लेखनिक यावर पण हसला होता.

कलम चौथे. हे खरं तर पहिले यायला हवं होतं. चिंचणवाडीस चावडीच्या मागे पाऊण गुंठा पड जमीन आणि विहीर आहे. मावशीला मूल नव्हतं, तिने ती मला दिली. चैत्रात सगळ्या गावाचं पाणी आटतं, हिचं आटत नाही. मानसिंग पाटील दहा वर्षं ती गावासाठी मागत आहेत आणि मी दहा वर्षं नाही म्हणते आहे. का, ते सगळं गाव जाणतं, पण कागदावर कुठे नाही. म्हणून लिहिते.

थोरल्या लढाईत आपल्या शिपायांना डब्यातलं मांस चालत नव्हतं. ज्याला त्याला आपल्या रीतीने कापलेलं लागे. म्हणून मुंबईहून आगबोटीत घालून जिवंत मेंढरं बसऱ्याला पाठवीत. ती फळीवर चढेनात, बोटीत चाऱ्याला तोंड लावीनात. तेव्हा सांगोल्याच्या बाजारातून सरकारने मेंढकेही नेले. आमच्या गावातून घरधनी एकटे. सन सोळात गेले ते एकोणीसात आले. परत आले तेव्हा त्यांची मेंढरांना बोलवायची हाळी बदलली होती. तिकडच्या मेंढक्यांसारखी, घशातून काढलेली. आमची मेंढरं माना वर करून बघत राहिली, एक पाय उचलीना. मेंढरांना कळलं की हा माणूस लांब जाऊन आला आहे. माणसांना कळलं नाही.

पुढे सरकारने चावडीला दगड बसवला, त्यावर कोरलं: ह्या गावाहून थोरल्या लढाईस ११ इसम गेले, पैकी २ कामास आले. नावं नाहीत, नुसता आकडा. दसऱ्याला सोनं वाटताना लढाईवरून आलेल्यांना पहिला विडा देतात. घरधनी त्या ओळीत एकदाच उभे राहिले. पाटलांकडे त्या साली एक पेन्शनीतले जमादार पाहुणे होते, छातीवर तीन बिल्ले. दगड वाचून त्यांनी ओळ मोजली, दगडाप्रमाणे नऊ हवेत ते दहा भरले, आणि घरधन्यांपाशी थांबले.

"कुठली पलटण?"

"पलटण न्हाई जी. मेंढरं."

"म्हंजे?"

"बसऱ्याला मेंढरं घिऊन गेलतो. शिपायास्नी खायाला."

"आन् बंदूक कसली व्हती?"

"काठी व्हती."

चावडी खदखदून हसली. मागून कोण तरी ओरडलं, "तुर्कानं कोकरू पळिवलं का रं, बिरप्पा?" जमादार म्हणाले, "आमी तीन वर्सं बसऱ्यात काढली. असला मेंढका काय बघितला न्हाई."

घरधन्यांनी कमरेची चंची सोडली, तंबाखू पुढे केली आणि म्हणाले, "लई मोठा मुलूख हाय जी. न्हाई दिसलो आसंल." आणि ओळीतून बाजूला झाले.

मी बायकांत उभी होते. मला राहवलं नाही. "अवो जमादार, बसऱ्यात मटण खाल्लंसा का न्हाई?"

"खाल्लं की."

"मग ते आभाळातनं पडलं व्हय?"

"सरकारनं दिलं."

"सरकार मेंढरं वळतंय? व्यायला अडलेल्या मेंढीला कुठनं हात लावायचा ते तरी सरकारला ठावं हाय का?"

या वेळी हसू जमादारांवर होतं. पण घरधनी पुढे आले, माझं कोपर धरलं आणि त्यांनी जमादारांची माफी मागितली. "बायकू तापट हाय जी." माफी! खोटं ठरवणाऱ्याची खऱ्याने मागितली. तो दिवस अजून माझ्या गळ्याखाली उतरला नाही. पुढच्या साली आम्ही सोलापूर धरलं, आणि विहिरीला माझं नाही तेव्हापासूनचं.

इथेही तेच. लोकरीच्या अडतीला, चहाच्या दुकानात, कुणी बसऱ्याचा विषय काढला की हे सहज म्हणतात "मी बी गेलतो", आणि लोक विचारतात, पलटण कुठली. मग ते म्हणतात, "ऱ्हाऊ द्या, तुमी म्हणता तसं." मी एका कचेरीत गेले, तर तिथला कारकून म्हणाला तुमचे यजमान फॉलोअर, म्हणजे फौजेच्या मागून चालणारे. मी म्हटलं, मागनं तर मागनं, त्याच वाटेनं चालले न्हवं? आता तर शहरात म्हणतात, सरकारच्या लढाईला गेला यात मोठेपणा कसला. मोठेपणा मागतंय कोण? गेला, एवढंच म्हणा.

पदक होतं. तांबूस, राजाच्या तोंडाचं. ते त्यांनी बिरोबाच्या नावाने सोडलेल्या एडक्याच्या गळ्यात बांधलं. दुष्काळात एडका कुठे गेला कळलं नाही, त्याबरोबर पदकही गेलं. मी महिनाभर भांडले. तेव्हा घरधनी एकदाच बोलले. "गोजरे, चारशे नेली. रोज सकाळी पाणी पाजून हातानं पुढं काढून द्यायची, कापाया. माझ्या हाळीवर यायची गं. एक बी म्हागारी आणलं न्हाई. लढाईला ती गेली. मी निस्ता पोचवाया गेलतो." मला वाटे हा माणूस भितो म्हणून गप्प बसतो. भीत नव्हता. पण मग मी माझा राग घेऊन कुठे जाऊ, ते काही त्याने सांगितलं नाही.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. सन अठरात, लढाई चालू असताना, तलाठ्याबरोबर एक कारकून घरोघर आला. "ह्या घरातलं लढाईवर कोण?" मी दारात बसून लोकर निवडत होते. माणूस समुद्रापलीकडे, सहा महिने खबर नाही, आणि हा परका वही उघडून त्याला मोजायला आलेला. मी म्हटलं, "कोन न्हाई."

"नवरा कुठाय?"

"मेंढरांमागं."

कारकुनाने मान हलवली आणि पुढच्या दाराला गेला. त्याच वहीवरून दगड झाला. मी खोटं बोलले नाही आणि खरंही बोलले नाही. मोजलं तर कमी होईल, एवढंच मनात होतं. कमी झाला नाही, परत आला. जमादार, कारकून, चहावाले, सगळ्यांशी मी भांडले. पण तो गेलाच नाही असं पहिल्यांदा म्हणणारी मी. घरधन्यांना हे माहीत नाही. दहादा तोंडापर्यंत आलं. सांगितलं तर ते म्हणतील "बरं केलंस की", आणि मला ते ऐकवणार नाही.

म्हणून पंचांना सांगणं असं की चूक दगडाची नाही, पाटलांची नाही, घरधन्यांची तर नाहीच. चूक माझी. मरणारीचं बोलणं कोर्टात धरतात म्हणे, तुम्हीही धरा. ११ चे १२ करा. पाथरवटाला अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्याच्या मजुरीत माझ्यातलं एक मेंढरू द्यावं, घरधनी निवडून देतील.

मी असं लिहिणार होते की दगड बदलला नाही तर गावाने विहिरीला घागर लावू नये. पण चैत्रात दुपारी तीन कोस पायपीट करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, मावशीने विहीर देण्याआधी मी त्यांतलीच. त्यांनी काय केलं? म्हणून ती अट मला घालता येत नाही. विहीर गावाला दिली. दिली म्हणजे दिली. माझ्या हातात आता काही उरलं नाही, नुसतं विचारणं उरलं.

कलम पाचवे, कस्तुराबाईस. तुझ्या बापाबद्दल कुणी विचारलं तर माझ्यासारखी अंगावर जाऊ नकोस, आणि त्यांच्यासारखी बाजूलाही होऊ नकोस. "बसऱ्याला गेले होते, मेंढरं घेऊन, तीन वर्षं," एवढं म्हण आणि जागा सोडू नकोस. हसले तर हसू दे. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेवढंच म्हण. मला हे जमलं नाही. तुला जमेल का तेही मला बघायला मिळणार नाही.

हा कागद माझ्या समजुतीने, खोलीत बसून, दोन साक्षीदारांदेखत पुरा केला. सही वेडीवाकडी आहे पण माझी आहे.

गोजरबाई बिरप्पा गडदे

साक्ष: गुरुसिद्धप्पा चन्नवीर हत्तुरे, घोंगड्यांचे व्यापारी, दस्तुरखुद्द.
साक्ष: काशम्मा निंगप्पा, शेजारीण, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

मुक्काम सोलापूर, मंगळवार, तारीख १ डिसेंबर १९३१.

मानसिंग पाटील व समस्त पंच, चिंचणवाडी, यांस: याची नक्कल गुरुसिद्धप्पा अण्णांच्या गाडीवानाबरोबर पाठवली आहे. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात हे मला ठाऊक आहे. मला तेवढा धीर नाही. रविवार, तारीख २७ डिसेंबर रोजी अण्णा सांगोल्याच्या बाजाराला येतील. आकडा बदलणार की नाही, ते त्यांच्याजवळ एका शब्दात लिहून द्या. "बघू" चालणार नाही. आणि गप्प राहाल तर ते उत्तर मी धरणार नाही. गप्प बसणारा एक माणूस मला घरात पुरे झाला.